बाविस्करांनी पेटी फेकली नव्हती

बाविस्करभाऊ गेल्याची बातमी मला आली ती फोटोसकट. सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज वाजला. आपल्या बिल्डिंगमधले मधुकर बाविस्कर यांचं पहाटे हृदयविकाराने निधन... आणि खाली फोटो. हात जोडलेले, डोळे भरलेले, मान एका बाजूला कललेली, मागे जांभळा उजेड आणि वरच्या कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह. ज्याने कुणी तो फोटो टाकला त्याच्या मनात वाईट नसणार. त्याने मोबाइलवर नाव शोधलं असेल आणि पहिला सापडला तो उचलला असेल. पण दूध उतू जाऊन ओट्यावर पसरलं तरी मी त्या फोटोकडे बघत उभी राहिले. मला रडू यायच्या आधी राग आला. साठ वर्षं सरळ जगलेल्या माणसाची शेवटची ओळख म्हणून त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत खोटी साडेतीन मिनिटं निवडली गेली होती.

दोन दिवसांनी एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या. गायिका मुक्ता बाविस्कर यांना पितृशोक. सुरुवातीला मुलीच्या गाण्याला कडाडून विरोध करणारे बाविस्कर पुढे तिचा सर्वांत मोठा आधार बनले, असं त्यात होतं. मी ते कात्रण कापून ठेवलं आहे, आणि 'सुरुवातीला' या शब्दावर माझी नजर रोज जाते. भाऊंच्या बाबतीत तशी कुठलीही सुरुवात नव्हती. मी बोईसरच्या शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. त्यांच्या समोरच्या दारात मी वीस-बावीस वर्षं राहते आहे. आणि त्या साडेतीन मिनिटांतले काही सेकंद मीही आहे, म्हणून हे लिहिणं माझ्यावर येतं.

भाऊ मूळचे जळगावकडचे. कुंभवलीच्या बाजूला रसायनांच्या एका कारखान्यात ते सेफ्टीला होते. आग, गळती, टाकीत कुणाला उतरू द्यायचं आणि कुणाला नाही, हे सगळं त्यांच्याकडे. आमच्या पट्ट्यात राहणाऱ्याला सायरन नवा नाही. एका बाजूला अणुवीज केंद्र, दुसऱ्या बाजूला कारखाने, सायरन वाजला की माणसं हातातलं काम न सोडता विचारतात, "खरा हाय का सरावाचा?" सरावात सगळं खऱ्यासारखं करायचं असतं. एक कामगार बेशुद्ध पडल्याचं सोंग घेतो, स्ट्रेचर धावतं, अॅम्ब्युलन्स निघते, कुणीतरी घड्याळ लावून मिनिटं लिहितो. एकदा असं सोंग घेतलेल्या माणसाची बायको नेमकी डबा घेऊन गेटवर आली होती. नवऱ्याला स्ट्रेचरवरून नेताना तिनं पाहिलं आणि ती तिथेच कोसळली. दोन दिवस तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. नवरा शेजारी बसून "अगं, मी बरा आहे" म्हणत होता आणि तिला ते पटत नव्हतं. तेव्हापासून भाऊंनी स्वतःला नियम घालून घेतला. सराव सुरू होण्याआधी सांगायचं आणि संपल्यावरही सांगायचं, मराठीत, हिंदीत, अगदी गेटबाहेरच्या चहावाल्यापर्यंत. सराव होता, सराव संपला, सगळे ठीक आहेत. त्यांची बायको रेखाताई चेष्टा करायच्या की हे घरात झुरळ मारतानासुद्धा आधी घोषणा करतात.

हा माणूस पेटी वाजवायचा. गावाकडच्या भजनी मंडळात लहानपणी कान तयार झालेला, पुढे स्वतःची पेटी घेतली आणि ती घेऊनच बोईसरला आले. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुक्ता झाली. ती चार वर्षांची असताना भाऊंनी तिला मांडीवर घेऊन सा लावायला शिकवलं, हे मी माझ्या दारातून पाहिलेलं आहे, कुणाकडून ऐकलेलं नाही. पहिल्या पाळीला जायच्या आधी अर्धा तास आणि आल्यावर एक तास. मुलीचा घसा बसला असेल तर मात्र गाणं बंद. ती हट्टाने गुणगुणली की ते ओरडायचे, आणि भाऊंचा आवाज कारखान्यातल्या यंत्रांवरून ऐकू जाईल असा कमावलेला असल्यामुळे ते ओरडले की तिसऱ्या मजल्यावर कळायचं.

शनिवारी-रविवारी संध्याकाळी तिघंही माझ्याकडे यायची. माझा टीव्ही मोठा होता, आणि यजमान गेल्यानंतर मला घरात आवाज हवा असायचा. गाण्याचे रिअॅलिटी शो आम्ही एकत्र पाहिले. आम्ही पाहिले म्हणायचं, कारण भाऊ पाहत नसत, तपासत असत. "बाई, पाणी वाढलं," ते म्हणायचे. परीक्षकाच्या समोरचा ग्लास अर्धा, मग भरलेला, मग पुन्हा अर्धा. म्हणजे गाणं झालं जेवणाआधी आणि त्यावरचं रडणं झालं जेवणानंतर. चौकड्यांच्या शर्टातला एक माणूस डावीकडे बसून टाळ्या वाजवतो आणि पुढच्याच क्षणी उजवीकडे बसून डोळे पुसतो. एका मुलाची आई 'अचानक' मंचावर येते आणि तिच्या पदराला आधीपासून माइक लावलेला असतो. भाऊंना हे दिसल्याशिवाय राहायचं नाही, आणि दिसलं की सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. मुक्ताही तयार झाली होती. सात-आठ वर्षांची पोर बोट दाखवून म्हणायची, "बाबा, तिची टिकली बदलली."

मला वैताग यायचा. एकदा मी म्हटलं, "भाऊ, जरा गाणं ऐकू द्या की."

"ऐकतोय ना, बाई. पोरगी खरंच चांगली गातेय, म्हणून तर राग येतो," ते म्हणाले. "नाटक करतात त्याचं मला काही नाही. नाटक आहे असं सांगत नाहीत... तेवढं एक वाक्य सांगायला यांचं काय जातं?"

मुक्ता अकरा वर्षांची असताना तशाच एका शोमध्ये निवडली गेली. आमची सगळी बिल्डिंग हवेत होती. भाऊंनी सुट्ट्या टाकल्या, रेखाताईंनी चार फ्रॉक शिवून घेतले, आणि मी, जी या कार्यक्रमांना नाकं मुरडायची, ती शाळेच्या स्टाफरूममध्ये पेढे घेऊन गेले. पहिले काही भाग मुक्ता छान गायली. मग एक दिवस शोकडून एक मुलगी घरी आली. हातात क्लिपबोर्ड, बोलणं अतिशय गोड. चहा झाल्यावर तिनं मुद्दा काढला. "सर, मुक्ताकडे आवाज आहे, पण स्टोरी नाही. आईवडील प्रेमळ, घर चांगलं, वडीलच गुरू... लोक तिला विसरून जातात. या आठवड्यात मतं कमी पडली तर आमचाही इलाज नाही."

स्टोरी तिनं तयारच आणली होती. वडिलांना गाणं आवडत नाही, मुलीनं शिकावं, नोकरी करावी असं त्यांना वाटतं. एक दिवस रागाच्या भरात ते पेटी अंगणात फेकतात. मुलगी चोरून सराव करते, इथवर पोचते, आणि मग वडील मंचावर नवी पेटी घेऊन येतात आणि हात जोडून माफी मागतात. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. ती मुलगी गेली. दोन दिवस मुक्ता त्यांच्याशी बोलली नाही, जेवली नाही. रेखाताई म्हणाल्या की एका दिवसाचा प्रश्न आहे, पोरीचं आयुष्य आहे. तरी भाऊ हलले नसते. हलवलं ते मी.

मी म्हटलं, "भाऊ, एवढं काय मनाला लावून घेता? तुमच्या सरावासारखं समजा."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात ते बसलं हे मला तेव्हाच दिसलं. त्यांनी फोन करून त्या क्लिपबोर्डवाल्या मुलीला एकच गोष्ट विचारली, की हे खरं नाही, नुसतं रचून दाखवलेलं आहे, असं लोकांना कळेल ना? ती म्हणाली, हो सर, खाली पट्टी येते, 'नाट्यरूपांतर' म्हणून. भाऊंचं समाधान झालं. सही केली. दुसऱ्या कुणी एवढ्या भरवशावर सही केली नसती. पण ज्याने आयुष्यभर खोट्या आगी लावल्या आणि विझवल्या, खोटे जखमी उचलले, आणि शेवटी एक घोषणा झाली की सगळे हसत उठून चहाला जातात हेच पाहिलं, त्याला वाटलं की जगात सगळीकडे असंच असतं. आधी सांगितलं, नंतर सांगितलं की हिशोब पूर्ण.

त्यांचा फ्लॅट त्या लोकांना चालेना. फरश्या, फ्रीज, भिंतीवर सेफ्टीची प्रशस्तिपत्रकं. गावाकडचं घर हवं होतं. पालघरजवळच्या माहीमला माझ्या दादाचं वाडीतलं कौलारू घर आहे, पुढे अंगण, मागे केळी आणि पानवेलीची वाडी. ते मीच सुचवलं. आता लिहिताना लक्षात येतं की या गोष्टीत प्रत्येक वळणावर मी उभी आहे आणि पुढचा रस्ता दाखवते आहे.

सकाळी गाड्या आल्या. एक मोडकी पेटी त्यांनी बरोबरच आणली होती. भाऊंचा चेहरा दिसणार नव्हता, पाठ आणि हात तेवढे दिसणार होते. पहिल्यांदा त्यांनी पेटी इतकी अलगद टाकली की ती शेणाने सारवलेल्या अंगणात नुसतीच बसली. दुसऱ्या खेपेला मुक्ता कॅमेऱ्याकडे बघून हसली. मग त्या क्लिपबोर्डवाल्या मुलीनं भाऊंना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, आणि तिसऱ्या खेपेला भाऊंनी डोक्याच्या वर उचलून पेटी आपटली. भाता फाटला. त्यातून जो आवाज आला तो मी विसरू शकत नाही, कुणीतरी पोटात बुक्की खाल्ल्यासारखा. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या अंगणभर उडाल्या. मुक्ता किंचाळली आणि धावत जाऊन पट्ट्या गोळा करायला लागली. दाराशी उभी असलेली माझी वहिनी माझा हात धरून म्हणाली, "ताय, ही पोर खरीच रडते हाय. थांबवा ना कोन तरी. आमच्या अंगनात नाय व्हायला पायजे हे." कुणी थांबवलं नाही. कॅमेरा चालू होता.

थांबवलं ते भाऊंनी. ते कॅमेऱ्याच्या चौकटीत धावत आले, मुक्तासमोर गुडघ्यावर बसले, तिचे दोन्ही खांदे धरले आणि सांगू लागले, "सराव होता, बाळा. सराव संपला. सगळे ठीक आहेत." तीन-चार वेळा सांगितलं. ती हुंदके देत मान हलवत होती. भाऊंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या दिवशी अंगणात जे काही घडलं त्यातली एवढीच गोष्ट खरी होती, आणि तीही कॅमेऱ्यात गेली.

मग माझी पाळी. मला माडाला टेकवून उभं केलं आणि विचारलं, बाविस्कर मुलीला गाण्यावरून ओरडायचे का? मी काय म्हणाले ते इथे पूर्ण लिहिते, कारण पूर्ण ते कुणीच ऐकलेलं नाही. मी म्हणाले, "ओरडायचे की. घसा बसलेला असताना गायली तर ओरडायचे, आवाज जपला पाहिजे म्हणायचे. त्यांच्याइतकं तिच्या गाण्यासाठी झिजलेलं दुसरं कुणी मी पाहिलं नाही."

कार्यक्रम लागला तेव्हा आम्ही सगळे माझ्या घरात होतो. बिल्डिंगमधली पंधरा-वीस माणसं जमिनीवर बसलेली. पडद्यावर मी आले आणि म्हणाले, "ओरडायचे की." मागे तंबोऱ्यासारखं काहीतरी वाजलं आणि मी गेले. आयुष्यभर मुलांना अर्धवट वाक्य लिहिल्याबद्दल गुण कापणारी मी. मग पेटी फुटली. भाऊ टीव्हीच्या अगदी जवळ सरकून खालच्या कडेवर डोळे लावून बसले होते. पट्टी आली. बारीक पांढरी अक्षरं, मुक्ताच्या पांढऱ्या फ्रॉकवर. "आली," भाऊ म्हणाले. बोलेपर्यंत ती गेलीही होती. आणि मग भाऊ गुडघ्यावर बसलेले दिसले, ओठ हलताना, डोळ्यांत पाणी... आवाज काढून टाकलेला, वर बासरी. पुढे मंचावर ते हात जोडून उभे होते आणि निवेदक म्हणत होता की एका बापाचा पश्चात्ताप आज सगळ्या देशाने पाहिला. माझ्या घरात बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या. ह्याच बायकांनी भाऊंना रोज सकाळी पेटी वाजवताना ऐकलेलं होतं.

मुक्ता वाचली, चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. आणि तो तुकडा मोबाइलवर फिरायला लागला. उभ्या पडद्यात बसावा म्हणून कुणीतरी तो वरून-खालून कापला होता, त्यात पट्टी कायमची गेली. आठवड्याभरात बोईसरच्या बाजारात एका माणसाने भाऊंना अडवून विचारलं, "बेटी को मारता था ना तू?" भाजीवाली त्यांच्याशी बोलेना. कारखान्यात पुढच्या सरावाला ते नेहमीप्रमाणे माइक घेऊन उभे राहिले, तर मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, हा खरा की टीव्हीवाला?" आणि सगळे हसले. भाऊही हसले म्हणे. त्यानंतर त्यांनी माइक हातात धरला नाही, घोषणा दुसऱ्याकडून करून घ्यायला लागले. पालघरला एका महिला मेळाव्यात 'बदललेला बाप' म्हणून त्यांना बोलावलं. ते मुद्दाम गेले, की निदान इथे तरी सांगता येईल. उभे राहून म्हणाले, मी मुलीला कधी अडवलं नाही, मीच तिला शिकवलं. मग सूत्रसंचालन करणारी बाई हळव्या आवाजात म्हणाली की पश्चात्ताप इतका खोल असतो की माणसाला मागचं आठवायचंही धैर्य होत नाही. टाळ्या पडल्या. भाऊंनी हे मला सांगितलं तेव्हा मी हसले, आणि ते हसले नाहीत हे जरा उशिराच माझ्या लक्षात आलं.

मग ते पुरावे गोळा करायला लागले. तो तुकडा त्यांनी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. पेटी उचलताना माडाची सावली डाव्या अंगाला, आपटताना उजव्या अंगाला. मुक्ताच्या दोन्ही वेण्यांना आधी लाल रिबीन, पट्ट्या गोळा करताना एका वेणीची सुटलेली. त्यांच्या शर्टाची बाही आधी दुमडलेली, नंतर खाली. एकेकाळी जी गंमत होती ती आता त्यांची फिर्याद झाली. ओळखीचा-अनोळखी कुणी भेटला की फोन काढायचे. "हे बघा, रिबीन बघा. म्हणजे तीन वेळा करून घेतलंय की नाही? एकदा रागाच्या भरात फेकणारा माणूस तीन वेळा फेकेल का?" लोक "हो हो" म्हणायचे आणि घड्याळ बघायचे. त्यांनी चॅनेलला पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं, आमच्या कार्यक्रमावर असंच प्रेम करत राहा. रेखाताई म्हणायच्या, "सोडा ना आता." मीही म्हणायचे. आम्हाला वाटायचं माणूस एका क्षुल्लक गोष्टीत अडकला आहे. त्यांचं नाव गेलं होतं आणि ते परत मिळवायला त्यांच्याकडे एक रिबीन आणि एक सावली एवढंच होतं, हे मला ते जिवंत असताना नीट कळलं नाही.

मुक्ताला कार्यक्रम मिळत गेले. गणपती, नवरात्र, हॉटेलांचे समारंभ. प्रत्येक ठिकाणी तिची ओळख तीच... जिच्या बापाने पेटी फेकली ती मुलगी. सुरुवातीला भाऊ तिला घेऊन जायचे, मंचामागे पाण्याची बाटली धरून बसायचे. निवेदक त्यांना वर बोलवायचा, ते हात जोडायचे, आणि मुक्ता माइकवर म्हणायची, "बाबा, मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय." लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. असं त्यांनी किती वेळा केलं मला माहीत नाही. मी एकदाच पाहिलं, शिरगावला, समुद्राच्या बाजूच्या मैदानात. परतताना रिक्षात मी रागाने विचारलं, "भाऊ, तुम्ही वर जाताच कशाला?" ते म्हणाले, "नाही गेलो तर लोक म्हणतात बापाचा अजून राग आहे. तिचा कार्यक्रम पडतो." पुढे त्यांनी जाणंच बंद केलं. मुक्ता अठराची झाल्यावर मुंबईला राहायला गेली. फोन यायचे, पैसे-पाण्याची नाही, पण तब्येतीची चौकशी व्हायची. बोलणं तेवढंच.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याच्या आदल्या आठवड्यातली. मी पडवळाची भाजी द्यायला गेले होते. ते खिडकीशी बसले होते, थकलेले, मांडीवर फोन, पण फोन बंद. मला वाटलं आता बोलून टाकावं. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी तसं बोलले नव्हते."

"मला माहीत आहे, बाई. मी तिथेच उभा होतो. तुम्ही पूर्ण बोलला होतात," ते म्हणाले. मग मांडीवरचा फोन बाजूला ठेवून म्हणाले, "पोरीला तेवढं माहीत असलं म्हणजे झालं. बाकीच्यांचं जाऊ द्या." मुक्ताला सगळं माहीत आहे, ती स्वतः तिथे होती, या एका गोष्टीवर तो माणूस नऊ वर्षं तग धरून होता. मीही म्हटलं, तिला माहीत आहेच की.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मुक्ता माझ्या घरी आली. वीस वर्षांची, सुकलेली, डोळ्यांखाली काळं. तिला एका कार्यक्रमात वडिलांवर बोलायचं होतं, काही आठवणी विचारायला आली होती. मी बऱ्याच सांगितल्या, ती लिहून घेत होती. मग पेन थांबवून म्हणाली, "बाई, एक विचारू? आईला विचारलं तर ती रडते. पेटी त्यांनी पहिल्यांदा कधी फेकली?"

मला समजलंच नाही. "कधी म्हणजे? माहीमला, शूटिंगला."

"ते नाटक होतं, ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "खाली पट्टीपण होती ना, नाट्यरूपांतर म्हणून. म्हणजे आधी कधीतरी खरं झालं असणार, त्याचंच ते रूपांतर. ते खरं मला नीट आठवत नाही. आवाज आठवतो. बाबा गुडघ्यावर बसून माफी मागत होते ते आठवतं. मी किती वर्षांची होते?"

ज्या पट्टीवर भरवसा ठेवून भाऊंनी सही केली, त्या पट्टीनेच त्यांना मुलीच्या मनात गुन्हेगार करून ठेवलं होतं. मी तिला हाताला धरून समोरच्या घरात नेलं. भाऊंच्या खोलीत कपाटाच्या वर कापडात गुंडाळलेली त्यांची पेटी होती. ती खाली काढली, पलंगावर ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. 'सरावासारखं समजा' कुणी म्हटलं, अंगण कुणी मिळवून दिलं, माझं वाक्य काय होतं, गुडघ्यावर बसून तिचे बाबा खरंच काय बोलत होते. ती ऐकत होती, पण तिचे हात पेटीवर फिरत होते. तिनं झाकण उचलून पाहिलं, पेटी उलटी केली, तळ पाहिला, कडांवरून अंगठा फिरवला, भात्याची एकेक घडी उघडून पाहिली. ती काय शोधते आहे हे मला जरा वेळाने कळलं. कुठे चिकटवलेलं आहे, कुठे खिळा मारलेला आहे, ते ती शोधत होती. लाकूड सबंध होतं. भाता मूळचाच, जुना होऊन मऊ पडलेला.

"दुरुस्त करून आणली असेल," ती म्हणाली.

"नाही, मुक्ता."

तिनं पुन्हा एकदा सगळी पेटी तपासली, तिच्या वडिलांनी तपासली असती तशी, एक कड सोडली नाही. मग पलंगाच्या कडेला बसली. स्वयंपाकघरातून रेखाताईंच्या भांड्यांचा आवाज येत होता. मुक्ताने भात्यावर हात ठेवला, दाबला नाही, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मग बाई... इतकी वर्षं मी त्यांना माफ कशाबद्दल करत होते?"